प्रकल्पासाठी नेमका कोणता सर्व्हे करून घ्यावा?

प्रश्न असा आहे: एका बांधकाम प्रकल्पाची तयारी सुरू आहे. सर्व्हे कंपन्यांच्या प्रस्तावांत टोपोग्राफिक, बाउंड्री, ड्रोन, लायडार, जीपीआर, बॅथिमेट्री अशी भली मोठी यादी आहे. यातलं खरोखर काय लागतं, आणि सगळं ड्रोनने उरकता येतं का?

सगळं ड्रोनने उरकत नाही. कुठे उरकतं आणि कुठे नाही ते पुढे सविस्तर सांगतो. पण यादीतून निवड करण्याआधी एक काम करा. या मोजमापाच्या जोरावर कोणता निर्णय घ्यायचा आहे, ते एका वाक्यात कागदावर लिहा. 'रस्त्याच्या तीन पर्यायी मार्गांतला एक निवडायचा आहे' हे एक वाक्य झालं, 'सांडपाण्याच्या नळाचा उतार ठरवायचा आहे' हे दुसरं. पहिल्यासाठी अर्ध्या मीटरची चूकही चालून जाते. दुसऱ्यासाठी दोन सेंटिमीटरची चूक काम बिघडवते. सर्व्हेचा प्रकार, उपकरण आणि खर्च हे सगळं त्या एका वाक्यातून ठरतं. पुष्कळदा याच्या उलट होतं. आधी उपकरण ठरतं, मग त्यातून मिळालेल्या आकड्यांना पेलणार नाहीत असे निर्णय त्यांच्यावर लादले जातात.

दुसरी गोष्ट यादीत सहसा शेवटच्या ओळीत असते किंवा नसतेच, ती म्हणजे कंट्रोल सर्व्हे, अर्थात नियंत्रण बिंदूंचं जाळं. माझ्या मते प्रकल्पातला हा सगळ्यात महत्त्वाचा सर्व्हे आहे. जमिनीत पक्के रोवलेले, खोदकामात उखडले जाणार नाहीत अशा जागी बसवलेले आणि एकमेकांशी काटेकोर जोडून मोजलेले काही बिंदू, एवढंच त्याचं स्वरूप. टोपोग्राफी, नदीपात्राची मोजणी, भूमिगत नळ, लाइनआउट (नकाशातले बिंदू जमिनीवर आखणं), नंतरची हालचाल मापणं, हे सगळं याच बिंदूंवरून व्हायला हवं. तसं झालं नाही तर प्रत्येक नकाशा आपापल्या जागी बरोबर असतो, आणि दोन नकाशे एकमेकांवर ठेवले की जुळत नाहीत. अशा वेळी चूक कुणाची हे ठरवण्यातच आठवडे जातात.

कंट्रोल किती मोठं काम पेलू शकतं याचं उत्तम उदाहरण स्वित्झर्लंडच्या गॉटहार्ड बेस बोगद्याचं आहे. सुमारे 57 किलोमीटर लांबीचा हा बोगदा ऑक्टोबर 2010 मध्ये आरपार झाला, तेव्हा दोन्हीकडून आलेल्या खोदकामांत आडवा फरक सुमारे 8 सेंटिमीटर आणि उभा फरक सुमारे 1 सेंटिमीटर होता. डोंगराच्या पोटात जीपीएस चालत नाही. बाहेर उपग्रहांनी बांधलेलं जाळं, आत टोटल स्टेशनने (कोन आणि अंतर मोजणाऱ्या उपकरणाने) बिंदूमागून बिंदू मोजत नेलेली साखळी, म्हणजे ट्रॅव्हर्स, दिशा तपासायला खरी उत्तर दाखवणारा जायरो थिओडोलाइट, आणि पर्वतांच्या वस्तुमानामुळे ओळंबा किंचित कलतो त्याचाही हिशेब, एवढं सगळं एकत्र आल्यावर तो आकडा साधला.

उलट उदाहरण त्याच देशाच्या सीमेवरचं आहे. ऱ्हाइन नदीवर जर्मनी आणि स्वित्झर्लंडमधल्या लाउफेनबुर्ग या जुळ्या गावांना जोडणारा पूल बांधताना 2003 मध्ये दोन्ही बाजूंच्या पातळ्यांत 54 सेंटिमीटरचा फरक निघाला. जर्मनीतल्या उंच्या उत्तर समुद्राच्या पातळीवरून, तर स्वित्झर्लंडमधल्या भूमध्य समुद्राच्या पातळीवरून मोजतात, आणि या दोहोंत 27 सेंटिमीटरचं अंतर आहे. अभियंत्यांना ते माहीत होतं, त्यांनी दुरुस्तीही केली, पण उलट्या चिन्हाने. अंतर मिटण्याऐवजी दुप्पट झालं. मोजणारे हात चांगले होते, उपकरणंही चांगली होती. गडबड झाली ती संदर्भपातळीच्या हिशेबात. म्हणून तुमच्या प्रत्येक नकाशावर 'उंची कोणत्या पातळीवरून' आणि 'कोणत्या बेंचमार्कवरून' (उंची माहीत असलेल्या कोणत्या पक्क्या खुणेवरून) या दोन गोष्टी लिहिलेल्या असल्याच पाहिजेत.

उंचीबद्दल थोडं थांबून सांगतो, कारण इथेच सर्वांत जास्त पैसे वाया जातात. उपग्रहांवरून मिळणारी उंची ही पृथ्वीच्या गणिती लंबगोलावरून मोजलेली असते. पाणी मात्र त्या लंबगोलाप्रमाणे वाहत नाही. ते गुरुत्वाकर्षणाने ठरणाऱ्या समपातळीप्रमाणे वाहतं, जिला जिऑइड म्हणतात. या दोन पृष्ठभागांमधलं अंतर जगभर बदलतं. श्रीलंकेच्या दक्षिणेला हिंदी महासागरात जिऑइड लंबगोलाच्या सुमारे 106 मीटर खाली आहे, न्यू गिनीच्या परिसरात सुमारे 85 मीटर वर. रूपांतरासाठी ईजीएम 2008 सारखी जागतिक मॉडेल्स आहेत. प्राथमिक कामाला ती पुरतात, पण एखाद्या लहानशा परिसरातही त्यांची चूक काही सेंटिमीटर ते डेसिमीटरपर्यंत असू शकते. म्हणून जिथे पाण्याचा उतार, पुलाची बेअरिंग पातळी किंवा रुळांची पातळी ठरायची आहे, तिथे ऑटो लेव्हल किंवा डिजिटल लेव्हल (आडव्या नजररेषेवरून उंचीतला फरक मोजणारी दुर्बीण) घेऊन बेंचमार्कपासून बेंचमार्कपर्यंत चालत जाण्याला आजही पर्याय नाही.

सांडपाण्याचं उदाहरण घ्या. नळाला 1000 त 1 असा उतार द्यायचा आहे आणि दोन मॅनहोलमध्ये 30 मीटर अंतर आहे. म्हणजे एकूण उतार झाला फक्त 3 सेंटिमीटर. आरटीके जीपीएसचे (स्थिर केंद्राकडून तिथल्या तिथे दुरुस्ती घेणाऱ्या जीपीएसचे) उत्पादक उंचीसाठी साधारण 15 मिलिमीटर आणि अंतरानुसार थोडी वाढ एवढी अचूकता सांगतात. झाडं, भिंती आणि कमी उपग्रह असलेल्या जागी प्रत्यक्षात 2 ते 3 सेंटिमीटर फरक सहज पडतो. म्हणजे मोजण्यातली चूक आणि मोजायची गोष्ट एकाच मापाची झाली. नकाशात पाणी उलटं वाहताना दिसलं तरी नवल नाही. हेच काम लेव्हलिंगने केलं तर साधारण कामासाठी मान्य असलेली मर्यादा असते 12 मिलिमीटर गुणिले किलोमीटरमधल्या अंतराचं वर्गमूळ. म्हणजे 4 किलोमीटरची फेरी मारून सुरुवातीच्या बिंदूवर परत आल्यावर 24 मिलिमीटरच्या आत जुळलं पाहिजे. आणि ही फेरी बंद करून दाखवलेली हवी. एकाच दिशेने गेलेलं लेव्हलिंग कितीही सुबक दिसलं तरी त्याची खात्री देता येत नाही. बॅकसाइट (मागच्या बिंदूकडचं वाचन) आणि फोरसाइट (पुढच्या बिंदूकडचं) यांची अंतरं सारखी ठेवली की उपकरणाची चूक आणि पृथ्वीच्या वक्रतेचा परिणाम आपोआप कटतो. हा नियम जुना आहे, आणि घाईत सगळ्यात आधी तोच मोडला जातो.

नकाशातलं अंतर आणि जमिनीवरचं अंतर हाही असाच दुर्लक्षित विषय आहे. यूटीएम प्रक्षेपणात, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर उतरवण्याच्या एका प्रचलित पद्धतीत, मधल्या रेखावृत्ताजवळ 0.9996 हा गुणक असतो. म्हणजे जमिनीवरचं 1 किलोमीटर नकाशात 40 सेंटिमीटरने आखूड दिसतं. समुद्रसपाटीपासून 600 मीटर उंचीवर असाल तर त्यात आणखी सुमारे 9 सेंटिमीटरची भर पडते. 300 मीटरच्या पुलासाठी फक्त गुणकाचा फरक 12 सेंटिमीटर होतो, आणि कारखान्यात कापून आलेला गर्डर एवढी सवलत देत नाही. म्हणून मोठ्या बांधकामासाठी स्थानिक ग्रिड, म्हणजे त्या जागेपुरती मोजमापाची चौकट, तयार करतात आणि त्याचं यूटीएमशी नातं लेखी ठेवतात. तुमच्या सल्लागाराला 'ही अंतरं ग्रिडवरची की जमिनीवरची?' एवढं नुसतं विचारा. उत्तर लगेच आलं तर माणूस जाणकार आहे.

आता यादीकडे वळू. बहुतेक प्रकल्पांची सुरुवात टोपोग्राफिक सर्व्हेने होते. जमिनीचे चढउतार, झाडं, विहिरी, खांब, रस्त्यांच्या कडा, इमारती, गटारं, जे दिसतं ते सगळं नकाशावर येतं. इथे दर मीटरला किती बिंदू घेतले यापेक्षा बिंदू कुठे घेतले हे जास्त महत्त्वाचं. बांधाचा माथा आणि पायथा, नाल्याचा काठ आणि तळ, रस्त्याचा मध्य आणि कडा, या ब्रेकलाइन घेतल्या नाहीत तर बिंदूंची दाट जाळी असूनही कंटूर (समान उंचीच्या रेषा) खोटे निघतात. बांध सपाट होतो, नाला अर्धा भरून जातो. मिळालेल्या कंटूरवर विश्वास ठेवण्याआधी प्रत्यक्ष जागेवर जाऊन दोन-चार ठिकाणी पाहा की नकाशात पाणी जिकडे वाहतं, तिकडेच ते खरोखर वाहतं का.

याच टप्प्यावर ड्रोनचा प्रश्न येतो. उघड्या, कमी गवताच्या, मोठ्या जागेसाठी ड्रोन फोटोग्रामेट्री, म्हणजे हवेतून घेतलेल्या फोटोंवरून मोजमाप काढणं, फार चांगली आहे. एका दिवसात जे काम होतं त्याला टोटल स्टेशनने आठवडे लागले असते, शिवाय ऑर्थोफोटो (नकाशासारखा मापात बसवलेला हवाई फोटो) मिळतो, ज्यावर वाद मिटवता येतात. फोटोतला एक पिक्सेल जमिनीवर 3 सेंटिमीटरचा असेल तर नीट केलेल्या कामात आडवी चूक साधारण एक ते दोन पिक्सेल आणि उंचीतली दोन ते तीन पिक्सेल धरावी. म्हणजे उंचीत 6 ते 9 सेंटिमीटर. मातीकामाच्या अंदाजाला हे पुरतं, गटाराच्या उताराला पुरत नाही. मातीकामातही एकतर्फी चूक महागात पडते. 10 हेक्टर जागेवर सगळी उंची 5 सेंटिमीटरने जास्त आली, तर हिशेबात 5000 घनमीटर माती हवेतून निर्माण होते, आणि तिचे पैसे मात्र खरे मोजावे लागतात.

ड्रोनच्या कामाची पारख कशी करायची? दोन गोष्टी मागा. पहिली, जमिनीवरचे ग्राउंड कंट्रोल पॉइंट, तेही कडेला आणि मध्यभागी पसरलेले. ते कमी असले किंवा एका बाजूला गोळा झाले, तर मॉडेल मध्यभागी फुगतं किंवा खोलगट होतं, आणि नुसत्या डोळ्यांना ते कळत नाही. दुसरी, स्वतंत्र चेक पॉइंट. हे बिंदू टोटल स्टेशन किंवा लेव्हलने मोजायचे आणि मॉडेल तयार करताना वापरायचे नाहीत. अचूकतेचा आकडा याच बिंदूंवरून सांगितला पाहिजे. मॉडेल बसवायला वापरलेल्या बिंदूंवरूनच अचूकता सांगितली असेल, तर तो आकडा कामाचा नाही.

आणि फोटोला जे दिसत नाही ते ड्रोनलाही दिसत नाही. गुडघाभर गवत असेल तर तुम्हाला गवताच्या शेंड्यांची उंची मिळते. झाडीखालची जमीन हवी असेल तर लायडार, म्हणजे लेझर किरणांनी अंतर मोजणारं उपकरण, लागतो. लायडारचे किरण पानांतून आरपार जात नाहीत, पानांमधल्या फटींतून काही किरण जमिनीपर्यंत पोहोचून परत येतात. म्हणून घनदाट जंगलात लायडारसुद्धा थोडे बिंदू देतो, आणि त्यातले जमिनीचे कोणते हे वेगळं करणं हे कौशल्याचं काम आहे. नेहमीचा लायडार अवरक्त प्रकाश वापरतो, आणि पाणी तो शोषून घेतं. त्यामुळे नदी किंवा तलाव आला की तिथे रिकामी जागा राहते. हिरव्या प्रकाशाचा लायडार उथळ, नितळ पाण्यात तळापर्यंत जातो, गढूळ पाण्यात नाही.

जुन्या इमारती, कारखान्यातल्या नळांची गर्दी, पुलाचा खालचा भाग अशा ठिकाणी जमिनीवर ठेवायचा लेझर स्कॅनर चांगला. काही मिनिटांत कोट्यवधी बिंदू मिळतात. पण बिंदूंचा ढग म्हणजे ड्रॉइंग नव्हे. त्यातून भिंती, नळ, तुळया आखून काढायला मोजण्यापेक्षा जास्त वेळ लागतो. नेमकं कोणत्या तपशिलापर्यंत मॉडेल हवं हे आधी ठरलं नसेल, तर खर्च तिथेच वाढतो.

रस्ता, रेल्वे, कालवा, पाइपलाइन, वीजवाहिनी अशा लांबट प्रकल्पांना रूट सर्व्हे लागतो. तो टप्प्याटप्प्याने होतो. आधी उपग्रह प्रतिमा आणि उपलब्ध नकाशांवरून पर्याय शोधतात, मग निवडलेल्या पट्ट्यात लायडार किंवा ड्रोन, आणि शेवटी ठरलेल्या मध्यरेषेवर चेनेजप्रमाणे (सुरुवातीपासूनच्या अंतराप्रमाणे) एल-सेक्शन आणि क्रॉस सेक्शन, म्हणजे उभे आणि आडवे छेद. पहिल्याच टप्प्यात सगळ्या पर्यायांची सेंटिमीटर अचूकतेने मोजणी करून घेणं म्हणजे जे पर्याय सोडूनच द्यायचे आहेत त्यांच्यावर खर्च करणं.

बाउंड्री सर्व्हेबद्दल थोडक्यात सांगतो. तो मुळात कायद्याचा विषय आहे. कुंपण जिथे आहे तिथे हद्द असतेच असं नाही. टोपोग्राफिक नकाशात दिसणारी कुंपणाची रेघ हद्द म्हणून वापरू नका. हद्दीचं काम त्या ठिकाणच्या कायद्याने अधिकार दिलेल्या माणसाकडूनच करून घ्या आणि ते डिझाइन सुरू होण्याआधी करा.

जमिनीखालच्या वाहिन्यांचा सर्व्हे मात्र मनापासून आग्रहाने सांगावा असा. खोदकाम करताना वीजवाहिनी किंवा गॅसची नळी फुटणं हा जिवाशी खेळ आहे. यात विश्वासार्हतेच्या पायऱ्या असतात: नुसत्या जुन्या नोंदी, त्यावर झाकणं आणि व्हॉल्व्ह पाहून जुळवणी, मग विद्युतचुंबकीय शोधक आणि जीपीआरने (जमिनीत रेडिओ लहरी सोडणाऱ्या रडारने) शोध, आणि सगळ्यात वर प्रत्यक्ष खड्डा करून वाहिनी डोळ्यांनी पाहणं. अमेरिकेच्या एएससीई 38 या मानकात याच पायऱ्यांना डी, सी, बी, ए अशा पातळ्या दिल्या आहेत, आणि ब्रिटनच्या पीएएस 128 मध्येही असंच वर्गीकरण आहे. जीपीआर कोरड्या वाळूत छान चालतो. ओल्या चिकणमातीत त्याच्या लहरी शोषल्या जातात आणि एक मीटर खालचंही नीट दिसत नाही. विद्युतचुंबकीय शोधकाला धातूची केबल सापडते, प्लास्टिकचा नळ सापडत नाही. म्हणून दोन्ही पद्धती एकत्र वापरायच्या, आणि पायाची जागा किंवा पाइल जिथे पडणार तिथे चाचणी खड्डे घ्यायचेच. नकाशावर प्रत्येक वाहिनीपुढे ती कोणत्या पातळीपर्यंत तपासली हे लिहायला सांगा. सगळ्या रेघा एकसारख्या ठळक असतील तर तो नकाशा फसवतो.

पाण्याखालच्या तळासाठी बॅथिमेट्रिक सर्व्हे. इको साउंडर आवाजाच्या परतीच्या वेळेवरून खोली काढतो. पाण्यात आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे 1500 मीटर असतो, पण तापमान आणि क्षारतेप्रमाणे तो बदलतो, म्हणून तो जागेवर मोजावाच लागतो. सिंगल बीममध्ये बोटीच्या मार्गाखालची एकच रेघ मिळते, मल्टिबीममध्ये पूर्ण पट्टा. पुलाच्या खांबाभोवतीची खरवड (प्रवाहाने झालेली तळाची धूप) शोधायची असेल तर दोन रेघांच्या मधोमध राहून गेलेला खड्डाच घातक ठरतो, तिथे मल्टिबीम घ्या. गाळ काढण्याच्या कामात फ्रीक्वेन्सी आधी ठरवा: 200 किलोहर्ट्झचा आवाज पातळ गाळाच्या वरच्या थरावरूनच परततो, 30 किलोहर्ट्झच्या आसपासचा आत शिरतो. दोन्ही आकडे आपापल्या परीने बरोबर असतात, आणि बिलावरून भांडण मात्र होतं.

बांधकाम सुरू झालं की लाइनआउट. इथे एकच शिस्त पाळायची: जो बिंदू आखला, तो दुसऱ्या कंट्रोल पॉइंटवरून, शक्य असेल तर दुसऱ्या माणसाने तपासायचा. 5 सेकंदांच्या टोटल स्टेशनची कोनातली चूक 100 मीटरवर सुमारे अडीच मिलिमीटर होते, 1 किलोमीटरवर 24 मिलिमीटर. म्हणून दूरच्या बिंदूवर बॅकसाइट घेऊन जवळचे बिंदू आखावेत, उलट करू नये. झाकलं जाणारं प्रत्येक काम, पाया, नळ, केबल, माती टाकण्याआधी मोजून ॲज-बिल्ट (प्रत्यक्ष जसं बांधलं तसं) नोंदीत घ्या. नंतर ते मोजायला पुन्हा खणावं लागतं.

हालचालींवर नजर ठेवण्याचा सर्व्हे धरण, खोल खोदकाम, बोगदा किंवा जुन्या इमारतीशेजारच्या कामाला लागतो. शेजारच्या भिंतीवरचे किरण परतवणारे प्रिझम आणि त्यांची नोंद घेणारं स्वयंचलित टोटल स्टेशन मिलिमीटरच्या पातळीवर हालचाल पकडतं. मोठ्या परिसरासाठी सेंटिनेल-1 सारख्या उपग्रहांच्या रडार प्रतिमांवरून जमीन वर्षाला किती मिलिमीटर खचते हे काढता येतं, मात्र ती हालचाल उपग्रहाच्या नजरेच्या दिशेने मोजलेली असते. दोन्हींत अट एकच: पहिली वाचनं काम सुरू होण्याआधी, निदान काही आठवडे आधी घेतलेली हवीत. ऊन आणि पावसाने इमारत मुळातच किती हलते हे माहीत नसेल, तर खोदकामामुळे ती किती हलली हे सांगता येत नाही. आणि संदर्भबिंदू खोदकामाच्या प्रभावाबाहेर असावेत, नाहीतर तेही इमारतीबरोबर हलतात आणि सगळं स्थिर असल्याचं दाखवतात.

काम सोपवताना करारात या गोष्टी लिहून घ्या: अचूकता सेंटिमीटरमध्ये आणि ती कशी तपासणार ते, समन्वय प्रणाली आणि उंचीचा संदर्भ, कंट्रोल पॉइंटची वर्णनपत्रकं फोटोंसह, लेव्हलिंगच्या फेऱ्या बंद झाल्याचा हिशेब, आणि मूळ कच्चा डेटा. फक्त पीडीएफ घेऊन समाधान मानू नका. दोन वर्षांनी दुसरी कंपनी आली तर तिला पुढचं काम याच बिंदूंवरून करता आलं पाहिजे.

पैसे कमी पडत असतील तर क्षेत्र कमी करा, टप्पे पाडा, लायडारऐवजी ड्रोन वापरून चालतं का ते पाहा, स्कॅनचं मॉडेल साधं ठेवा. कंट्रोल, लेव्हलिंग आणि चेक पॉइंट यांच्यावर मात्र कात्री लावू नका. तुमच्याकडे आलेल्या प्रस्तावांपैकी ज्यात या तिन्हींसाठी वेगळी ओळ आणि वेगळे दिवस धरलेले आहेत, तो आधी वाचायला घ्या.